मधुमेहावर व्याख्यान आणि लॉनला साखळी

आईला मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा तिला सल्ला सगळ्यांनी दिला, जागा कुणीच दिली नाही. ती आता निवृत्त झाली आहे, म्हणून हे लिहिते. नोकरीत असेपर्यंत तिनेच मला लिहू दिलं नव्हतं.

आई दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात नोकरीला होती. बाबांचा कारखाना फरीदाबादला, म्हणून घर तिथे. बाबा युनियनचे. आमच्याकडे दिवाणाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या झाकणात पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. त्यामुळे छापील कागद हातात आला की तो कुणी काढला आणि कुणासाठी काढला, हे मी आधी बघते.

आईच्या ऑफिसच्या जिन्यात एक भित्तिपत्रक होतं. त्यावर लिहिलं होतं की मधुमेह हा जीवनशैलीचा आजार आहे. शेजारी पांढऱ्या बुटांतली एक हसरी बाई धावत होती. मला त्या शब्दांची चीड आली, ती अजून गेलेली नाही. शैली म्हणजे माणसाने निवडलेली गोष्ट. आईने काय निवडलं होतं? पहाटे उठून डबे करायचे, मेट्रोत उभं राहून दिल्ली गाठायची, दिवसभर खुर्चीत बसून फायली पुढे सरकवायच्या, पुन्हा उभं राहून परत यायचं आणि रात्री कणीक मळायची. तिच्या आईलाही मधुमेह होता. म्हणजे थोडं रक्तातून आलं, बरंचसं त्या खुर्चीतून आलं, आणि दोष मात्र सगळा तिच्या एकटीच्या पदरात पडला.

डॉक्टर भले होते. त्यांनी नीट समजावलं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम व्यायाम थांबल्यावरही बराच वेळ टिकतो. नुसतं चालू नका, ताकदीचंही काहीतरी करा, असं ते म्हणाले. मग विचारलं, "तुमच्या आसपास मोकळी जागा आहे ना?" आई हो म्हणाली. डॉक्टरांसमोर नाही म्हणायची तिला सवय नव्हती. आमच्या सोसायटीच्या बागेत गाड्या लागत होत्या, आणि बाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता.

त्यानंतरच्या वर्षात आईचं काय झालं ते मला साखरेच्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं. ती गप्प झाली. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा मोदक हातात घेतला, तर शेजारच्या बाईने सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं. "अगं, तुला चालतो का? बिल्कुल नको हं." आईने मोदक परत ठेवला आणि घरी येऊन न जेवता झोपली. बाबा तिच्या भाताकडे बघायचे. मामी फोनवर मेथीदाण्यांची चौकशी करायची. मी तेव्हा दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन शिकत होते, आणि मीसुद्धा घरी आले की पहिलं विचारायचे, "गोळी घेतलीस?" सगळे मिळून तिच्या ताटावर पहारा देत होतो. एकदा ती मला म्हणाली, "मी आता माणूस नाही राहिले गं, रिपोर्ट झालेय."

तिला यातून बाहेर काढलं ते एका दोराने.

मंत्रालयांमधल्या कर्मचाऱ्यांच्या खेळांच्या स्पर्धा असतात. त्यात बायकांची रस्सीखेचही असते. आईच्या विभागाच्या संघात एक जागा रिकामी होती, तीही सगळ्यात मागची. मागे उभी राहणारी बाई दोर काखेतून घेऊन पाठीवरून खांद्यावर आणते आणि अख्ख्या संघाचा भार तोलते. त्याला अँकर म्हणतात. संघाची कप्तान रोज पानिपतहून गाडीने येणारी एक उंच बाई होती. तिला सगळे पानिपतवालीच म्हणायचे. कँटीनच्या रांगेत तिने आईला खालून वर न्याहाळलं.

"मैडम, वज़न कितना है आपका?"

आईला वाटलं, हीसुद्धा. "क्यों? आप भी डॉक्टर हैं?"

"ना जी. मुझे पीछे के लिए खंभा चाहिए. आगे वाली सब पतंग हैं, उड़ जाती हैं."

आईने ते घरी सांगितलं तेव्हा ती रागात होती. पण सांगता सांगताच हसायला लागली. "किती दिवसांनी कुणीतरी माझं वजन कमी करायला नाही सांगितलं," म्हणाली.

डॉक्टरांनी आधी डोळे, रक्तदाब आणि पाय तपासून घेतले. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, बूट घट्ट नकोत, घरी गेल्यावर रोज तळवे बघायचे, आणि खिशात कायम काहीतरी गोड ठेवायचं, असं बजावलं. आईच्या गोळीने साखर कमी होते आणि व्यायामानेही होते. दोन्ही एकदम झालं तर ती फार खाली जाऊ शकते. मग ऑफिस सुटल्यावर इमारतीमागच्या लॉनवर सराव सुरू झाला.

मी एकदा बघायला गेले ते नाक मुरडतच. मला व्यायाम म्हटलं की मुनिरकातली ती जिम आठवायची, जिथे मुलं आरशात स्वतःच्या दंडाकडे बघत असतात. शिवाय खात्याच्या नावाचा टीशर्ट घालून खात्यासाठी घाम गाळायचा, हे मला मालकाची पालखी उचलण्यासारखं वाटायचं. पण लॉनवर मी पाहिलं ते वेगळं होतं. आठ बायका एका दोराला धरून मागे रेलल्या होत्या. दुसरं टोक कडुलिंबाला बांधलं होतं. आई सगळ्यात मागे, गुडघे वाकवून, टाचा मातीत रोवून बसल्यासारखी उभी होती. पानिपतवाली ताल देत होती आणि प्रत्येक तालाला आईच्या मानेची शीर फुगत होती. तिचा चेहरा मी ओळखला नाही. इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर मी फक्त सोसणं पाहिलं होतं, आणि आता तिथे सरळसरळ राग होता. तिने तो कुणावर काढला नाही, दोरावर टाकला.

"मैडम, किसका चेहरा सोच रही हो?" पानिपतवालीने विचारलं.

"लिस्ट लंबी है," आई धापा टाकत म्हणाली, आणि सगळ्या जणी हसल्यामुळे दोर सैल पडला.

काही महिन्यांत उपाशीपोटीची साखर उतरली, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही सुधारली. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. पण आम्हाला घरात जे जाणवलं ते कुठल्या तपासणीत येत नाही. आई झोपायला लागली. मेट्रोत कुणी रेटलं तर "ज़रा पीछे" म्हणायला लागली. बाबांनी एकदा तिच्या ताटाकडे बघितलं तर तिने ताट उचललं आणि त्यांच्याकडे पाठ करून जेवली. बाबा मला फोनवर म्हणाले, "तुझी आई संघटित झाली." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मग लॉनला साखळी लागली.

एका सोमवारी चारी बाजूंना लोखंडी खांब आणि साखळी होती, आणि पाटी होती: घास पर चलना मना है. सुरक्षारक्षक म्हणाला, वरून आदेश आहे. कारण विचारल्यावर कळलं की ऑफिसात स्वास्थ्य पखवाडा येतोय. पखवाडा म्हणजे पंधरवडा. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत असे पंधरवडे साजरे होतात, त्यात व्याख्यानं होतात, फलक लागतात, शेवटी फोटो निघतात. या पंधरवड्याचं मुख्य व्याख्यान मधुमेह आणि व्यायाम या विषयावर लॉनवर मांडव घालून होणार होतं. पाहुण्यांसाठी गवत हिरवं दिसायला हवं, म्हणून त्यावर व्यायाम करायला बंदी.

हे मी रचून सांगत नाही. मला रचायचं असतं तर मी इतकं ढोबळ रचलं नसतं.

आईने विनंतीचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. बायकांनी जनरेटरच्या मागच्या सिमेंटवर उभं राहून बघितलं, पण तिथे टाचा रुतत नाहीत. पहिल्याच दिवशी एकीचा पाय घसरून गुडघा फुटला. आईने तिथे ओढायला साफ नकार दिला. मधुमेहाच्या माणसाची जखम चिघळली की कुठवर जाते हे तिने तिच्या आईच्या पायावर पाहिलं होतं. सराव थांबला. तीन आठवड्यांत सकाळची साखर पुन्हा चढली. त्याआधीच तिचा आवाज उतरला होता. शनिवारी मी घरी गेले तर ती दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी म्हटलं, "आई, चल, गल्लीत चक्कर मारू." ती म्हणाली, "तूही आता भित्तिपत्रक हो."

आणि याच सुमाराला विभागाच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. तिची साखर उतरल्याची बातमी वरपर्यंत गेली होती. साहेबांना कार्यक्रमात एक जिवंत उदाहरण हवं होतं. ते म्हणाले, व्याख्यानानंतर मांडवासमोर रस्सीखेचीचं प्रात्यक्षिक ठेवू. एका बाजूला महिला संघ, दुसऱ्या बाजूला स्वतः ते आणि इतर अधिकारी. फोटो छान येईल.

आईने साखळीचा विषय काढला. साहेब हसले. "फोटो अच्छा आ जाए, फिर लॉन का भी देख लेंगे."

ती परत जागेवर येईपर्यंत त्यांचा खासगी सचिव मागोमाग आला. "मैडम, समझ रही हैं ना? साहब की टीम है."

आई समजली होती.

त्या संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. मी म्हटलं, ओढून पाडा त्यांना. सगळ्यांदेखत, मांडवापुढच्या शोभेच्या कुंड्यांत. याहून चांगली संधी येणार नाही.

"आणि मग?"

"मग काय? सगळ्यांना कळेल."

"सगळ्यांना काय कळायचं राहिलंय? आणि लॉन?"

बाबा म्हणाले, "वाटाघाट असेल तर लेखी घे."

"काय लेखी घेऊ? 'महिला संघ हरल्यास लॉन उघडण्यात येईल'? खाली साहेबांची सही?"

बाबांनी विषय सोडला. मी सोडला नाही. मी तिला म्हटलं की हा तिचा एकटीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. जिन्यावर धावणारी बाई चिकटवायची आणि खऱ्या बाईला साखळी घालायची, यांच्यासमोर हरायचं म्हणजे त्यांचं खोटं आपल्या हातांनी खरं करायचं.

आईने कणीक मळणं थांबवलं. "तुझं तत्त्व माझ्या रक्तात किती वेळ टिकतं? दोर ओढलेला दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकतो. मला रोज ओढायचंय. एकदा जिंकून मी काय करू?"

मी म्हटलं, ही लाचारी आहे. ती म्हणाली, "असेल. पोळ्या लाटतेस का?"

कार्यक्रमाला कुटुंबीयांनाही बोलावलं होतं. मी गेले. हवेत धुरकट पिवळं ऊन होतं, मांडवापुढे फुलांच्या कुंड्यांची रांग होती, आत सॅटिनची कव्हरं घातलेल्या खुर्च्या होत्या, आणि लोक त्यांत बसून बैठ्या कामाचे तोटे ऐकत होते. वक्ते मोठे डॉक्टर होते आणि ते बोलत होते त्यात चूक काही नव्हती. व्यायामाने साखर ताब्यात राहते, हृदयाला बरं असतं, मन हलकं होतं, झोप लागते. सगळं खरं. आईच्या अंगावर मी ते सगळं घडताना बघितलं होतं. खरी गोष्ट चुकीच्या तोंडून ऐकताना जो संताप येतो तो खोटं ऐकून येत नाही. डॉक्टरांनी वेळेवर जेवण्याचं महत्त्व सांगितलं, आणि ते सांगण्यात जेवणाची वेळ टळून गेली. मग स्वागतं झाली, शाली झाल्या, साहेबांचं भाषण झालं. आई सकाळची गोळी घेऊन बसली होती. मी साखळीबाहेर उभी होते, तिथूनच खुणेने विचारलं, काही खाल्लंस का. तिने नकारार्थी मान हलवली. पहिल्या रांगेत, मंचासमोर बसून खिशातली चिक्की कशी चघळायची, असा तिचा प्रश्न होता. हीच तिची सवय, आणि तिच्यासारख्या सगळ्यांची.

प्रात्यक्षिक सुरू झालं. साहेबांनी कोट काढून दिला. त्यांचे बूट चकचकीत आणि गुळगुळीत तळव्यांचे होते. त्यांच्या मागे सगळे अधिकारी हसत, एकमेकांच्या पोटावर विनोद करत उभे राहिले. शिट्टी झाली, आणि पहिल्याच झटक्याला त्यांची पुढची रांग हात दोन हात पुढे आली. कुणी हसेनासं झालं. मला आईची पाठ दिसत होती. ती हललीसुद्धा नव्हती. तिच्या एकटीच्या भरवशावर त्या बाया आणखी दोन ताल घेत्या तर साहेब कुंड्यांत असते. हे मला दिसत होतं, पानिपतवालीला दिसत होतं, आणि मला वाटतं साहेबांनाही दिसलं असावं.

मी ओरडले, "आई, ओढ."

तिने मागे वळून बघितलं नाही. तिने उजवी टाच उचलून अर्धं पाऊल पुढे रोवली. मग डावी. मागचीने एकदम सोडलं तर पुढच्या सातही जणी तोंडावर आपटतात, म्हणून अँकरला हरायचं असेल तर इंच इंच हरावं लागतं. आई तसं हरली. प्रत्येक पाऊल तिने तोलून दिलं, पानिपतवालीने तिच्या पावलांवर ताल मंद केला, आणि अधिकाऱ्यांना वाटलं की त्यांनी ओढून आणलं. एकही बाई पडली नाही. शिट्टी झाली, टाळ्या झाल्या, फोटोग्राफरने दोनदा पुन्हा हसायला लावलं.

मग मला दिसलं की आईचे हात थरथरताहेत. तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि नजर कुठे ठरत नव्हती. साखर फार खाली गेली होती. मी साखळीवरून उडी मारून धावले, पण ती माझ्याआधी चालायला लागली होती, सरळ मंचावरच्या टेबलाकडे. तिथे पाहुण्यांसाठी मोतीचुराच्या लाडवांचं ताट होतं. मधुमेहाच्या व्याख्यानाला लाडू. तिने एक लाडू उचलून तोंडात घातला.

साहेब माईकजवळच होते. "अरे मैडम, ये तो आपको मना है," ते म्हणाले, आणि अख्खा मांडव हसला.

आईने लाडू पूर्ण खाल्ला. दुसरा उचलला. "इस वक़्त यही दवा है, सर," ती म्हणाली. "डॉक्टर साहब से पूछ लीजिए."

वक्ते डॉक्टर उठून तिच्याजवळ आले, तिच्याकडे नीट बघितलं, तिला खुर्चीत बसवलं. ते माईकवर काही बोलले नाहीत. हशा आपोआप विरला. आईचं मनगट मोकळं होतं, आणि यावेळी कुणी ते धरायला आलं नाही.

परतताना मेट्रोत मी तिच्यापासून लांब उभी राहिले. बदरपूरच्या पुढे जागा मिळाली तेव्हा तीच म्हणाली, "सोपं नव्हतं हं ते. जिंकायला नुसता जोर लागतो. सात जणींना न पाडता हरायचं म्हणजे कमरेचा तुकडा पडतो."

"कुणासाठी केलंस?"

"माझ्यासाठी. आणि कुणासाठी करू?"

लॉन उघडलं. ऑफिस सुटल्यानंतर खेळाडूंसाठी खुलं, असा आदेश निघाला, आणि त्यात साहेबांच्या आरोग्यविषयक दूरदृष्टीचा उल्लेख होता. फोटो विभागाच्या मासिकात छापून आला. साहेब दोर धरून हसताहेत आणि खाली लिहिलंय की नेतृत्व स्वतः मैदानात उतरतं तेव्हा कर्मचारी निरोगी राहतात. मी त्याच रात्री खरं काय घडलं त्याचं पत्रक लिहिलं. आईने ते वाचलं, एका वाक्याखाली रेघ मारून "हे बरं लिहिलंयस" म्हणाली, आणि कागद घडी घालून परत दिला. "मी तिथे आहे तोवर नाही."

मी थांबले. पटलं म्हणून थांबले नाही. आजही मला वाटतं की त्यांना कुंड्यांत पाडायला हवं होतं. एका बाईला स्वतःचे स्नायू वापरण्याची परवानगी मिळवण्यासाठी ते दुबळे असल्याचं नाटक करावं लागलं, आणि ज्याने ते करायला लावलं त्याच्या नावावर तिची तब्येत जमा झाली. याला मी तडजोड म्हणणार नाही. ही चोरी आहे, आणि दिवसाढवळ्या, फोटो काढून केलेली.

पण आईची साखर पुन्हा उतरली, हेही मला लिहिलंच पाहिजे. साखळी निघाल्यानंतरच्या आठवड्यात मी लॉनवर गेले होते. आल्या आल्या आईने अर्धं बिस्कीट खाल्लं, अर्धं खिशात ठेवलं, बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या आणि टाचांनी मातीत दोन खड्डे पाडले. माळी लांबून बघत होता. पानिपतवालीने दोर फेकला. मी बाजूला उभी राहून साहेबांबद्दल काहीतरी बोलत होते, चांगलं तासून, चढ्या आवाजात.

"ऐकू येतंय," आई म्हणाली. "पण मला ताल ऐकायचाय. जरा गप्प बस."

तिने दोर पाठीवरून घेतला आणि मागे रेलली.